‘नंतरचे’ नावाचं फोल्डर

सिद्ध्या,

तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलो तेव्हा विशाखा वहिनीनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची दाटी होती. वहिनी रडत नव्हती, आणि तेच मला जड गेलं. म्हणाली, "भाऊजी, रविवारी पुण्यानुमोदन आहे. यांचा एक धड फोटो नाही घरात. तुमच्यापाशी असन ना?"

"असन ना, वहिनी. पाहतो मी," असं म्हणून मी मोकळा झालो.

साफ खोटं बोललो. शाळेपासूनची आपली दोस्ती आणि माझ्याजवळ तुझा एक फोटो नाही! पांढरकवड्यात आणि आजूबाजूच्या खेड्यापाड्यांत भिंतीभिंतीवर तू काढलेली माणसं हार घालून बसली आहेत, आणि तुझ्याच भिंतीवर टांगायला तू नाहीस. सारा जन्म कॅमेऱ्यामागे उभा राहण्यात गेला. तुझ्या मोबाइलमध्ये पाहिलं तर सेल्फीत अर्धं कपाळ, नाही तर डोळे मिटलेले. लग्नाच्या अल्बममध्ये आहेस, पण तो मिसरूड फुटलेला बारका पोट्टा पाहून वहिनीच म्हणाली, "यायले तं मी ओळखतच नाही." उरला आधार कार्डावरचा. आणि आधारच्या फोटोबद्दल तू काय बोलायचास ते मी विसरलेलो नाही. "गज्या, आधारवर माणूस पकडून आणल्यासारखा दिसते बे. मेल्यावरही त्याले ठाण्यातच बसवाचं काय?"

तुझा चांगला फोटो असलाच तर कुठे असेल ते मला तिथे दारातच कळलं होतं. माझ्याच कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, भंगाराच्या खोक्यात, तुझ्या त्या जुन्या हार्डडिस्कमध्ये. जिच्यावरून आपण चार महिने एकमेकांशी बोललो नाही, तीच. वहिनीसमोर मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

लिहायला बसलो की माझी भाषा शाळेतल्या निबंधासारखी होते, तू हसशील. हास लेका. तुझ्याशी तोंडानं बोलायची सोय मीच ठेवली नाही, तर आता लिहूनच बोलावं लागणार.

तुझा धंदा सगळ्यांना माहीत होता, लग्नाचे फोटो आणि शूटिंग. पण तुझं खरं काम दुसरंच होतं. कोणी मेलं की घरचे लोक स्टुडिओत यायचे. हातात कुठलातरी जुना ग्रूप फोटो, त्यात मागच्या रांगेत बोटभर चेहरा. तू तो चेहरा कापून मोठा करायचास, धुवायचास, मागे निळं रंगवायचास, फ्रेम करून द्यायचास. आणि तुझा तो नियम! हार घालायच्या फोटोत जित्त्या माणसाचं काहीही राहता कामा नये. ना बोट, ना खांदा, ना कोणाच्या लुगड्याचा पदर. ग्रूप फोटोत लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहणार, ते हात पुसत तू दुपारच्या दुपारी बसून राहायचास. मी म्हणायचो, "अबे, कोण पाहते एवढं?" तू मान वर न करता म्हणायचास, "जो गेला त्याले जाऊ द्याचं. जित्त्याचा हात त्याच्यात अडकवून ठेवाचा नाही." यावर आपलं कधी जमलं नाही. मला ते सगळं थोतांड वाटायचं.

मग तू एक पाऊल पुढे गेलास. पोडावरच्या, म्हणजे जंगलाकडच्या कोलामांच्या वस्तीवरच्या एका बाईचा फोटो कुठेच सापडला नाही, तिचा लेक रिकाम्या हातानं गेला, आणि ते तुझ्या मनाला लागलं. त्यानंतर कुठेही लग्नाला गेलास की स्टेजवरचं काम आटपून मांडवाच्या कोपऱ्यात जायचास, जिथे म्हातारे बसतात तिथे. "ओ काका, जरा इकडं पाहा. आता हासा." एकेकाचा एकेक फोटो. कशासाठी ते कधी सांगितलं नाहीस. स्टुडिओत येऊन तो फोटो तू तयार करून ठेवायचास, निळ्या रंगासकट, वर हाराला जागा सोडून. गावागावाच्या नावाचे कप्पे, आणि सगळ्यांच्या वर एकच नाव, ‘नंतरचे’. कोणी गेल्याचं कानावर आलं की काळीपिवळी जीपवाल्याच्या हाती निरोप धाडायचास, ‘फोटो आहे, येऊन घेऊन जा.’ लोकांना वाटायचं, याच्याजवळ जादू आहे.

आणि ती बुढी आठवते? नातवाच्या लग्नाचे फोटो निवडायला सारं घर घेऊन आली होती. तू गडबडीत भलतंच फोल्डर उघडलंस, आणि पडद्यावर तिचंच तोंड, मागे निळं आभाळ! मग बुढी जी उसळली! "अरे मेल्या, जित्ती हावो ना मी अजून!" तिचा हात चपलेकडे गेला आणि तू टेबलाखाली. मी शेजारच्या चहाच्या टपरीवरून ओरडा ऐकून धावत आलो होतो. हसून हसून माझं पोट दुखलं, आणि तू टेबलाखालून मलाच शिव्या देत होतास.

त्याच संध्याकाळी तू माझ्या दुकानात आलास. "गज्या, थे फोल्डर असं लपव की माह्याशिवाय कोणाच्या नजरेस पडू नये." मी लपवलं. त्याच डिस्कवर एक वेगळा कप्पा केला, सारं त्यात टाकलं आणि मशीन ज्या अक्षरानं कप्पा दाखवते ते अक्षर काढून टाकलं. सी दिसेल, डी दिसेल, हा तिसरा कोणाला दिसणारच नाही. उघडायचा कसा ते एका चिठ्ठीवर लिहून तुझ्या कीबोर्डच्या पोटाला चिकटवून दिलं. सहा वर्षं झाली त्याला. तू रोज तो कप्पा उघडत राहिलास आणि मी विसरून गेलो. एवढी मशीनं येतात जातात हाताखालून. पण हे कारण नाही, हे मलाही समजतं.

आता मे महिन्याचं सांगतो. तुला माहीतच आहे, पण त्या दिवशी माझ्या बाजूनं काय झालं ते तुला कधी सांगितलंच नाही.

तुझं मशीन टक्‌टक् करायला लागलं होतं. आणि करणार नाही तर काय? तू ते कूलरसमोर ठेवायचास! पाण्याचा ओला वारा दिवसभर थेट डब्यावर. दर उन्हाळ्यात मी बोंबलायचो, "मशीन काय म्हैस आहे का बे, पाणी माराले?" आणि दर उन्हाळ्यात तुझं उत्तर ठरलेलं, "आपल्याले गरम होते, तं त्याले होत नाही का?" मी डिस्कचा आवाज ऐकला आणि म्हणालो, ही आता कधीही जाईल, बदलून टाकू. आधी सगळ्याचा एक बॅकअप घेऊ, पूर्ण सिस्टीमचा. नवी डिस्क बसवली की त्यावरून रिकव्हरी करायची, मशीन होतं तसंच्या तसं उभं राहील. किती सहज बोललो. तू म्हणालास, "तू म्हणतो तं होईन." माझ्या हातावर तुझा तेवढा भरवसा होता.

बॅकअप घेताना यंत्र विचारते, काय काय घ्यायचं? मी जे दिसत होतं त्याला टिक केलं. सी दिसत होता, डी दिसत होता.

मग नवी डिस्क बसवली. रिकव्हरी सुरू केली. थोडं पुढे सरकायची आणि बंद पडायची, पडद्यावर एकच वाक्य, रिकव्हरी झाली नाही. मी केबल बदलली. पुन्हा तेच. पेन ड्राइव्ह नव्यानं तयार केला. पुन्हा तेच. मग लाइनच्या व्होल्टेजला शिव्या दिल्या. तू स्टुलावर बसून चहा पीत होतास आणि आधी माझी मजा घेत होतास, "काय डॉक्टर, पेशंट शुद्धीवर येते का?" तिसऱ्यांदा बंद पडल्यावर तुझी मजा थांबली. माझंही डोकं सटकलं होतं. शेवटी जे पहिल्यांदा पाहायला हवं होतं ते पाहिलं. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान होती. फोटो किती आहेत याच्याशी त्या बॅकअपला काही घेणं नव्हतं, त्याला निदान जुन्या डिस्कएवढी मोठी जागाच लागत होती. रोज लोकांना शिकवतो मी हे. आणि लहान डिस्क मीच निवडली होती, म्हटलं वेगवान आहे, सिद्ध्याचं काम पटापट होईल.

म्हटलं, जुनी परत लावू, दुसऱ्या तऱ्हेनं करू. जुनी लावली तर ती दिसेचना. सकाळपर्यंत टक्‌टक् का होईना चालत होती, आता मशीन तिला ओळखच देईना. मग मी नवीन सिस्टीम टाकली, बॅकअप उघडला आणि एकेक फोल्डर हातानं बाहेर काढलं. सारी लग्नं आली, सारी बारशी आली. मी खुर्चीला टेकून बसलो आणि म्हणालो, "घे. एक फोटो इकडचा तिकडं नाही झाला."

तेवढ्यात स्टुडिओच्या दारात लेतू टेकाम येऊन उभा राहिला. पोडावरून आला होता, चपला बाहेर काढून, टोपी हातात. त्याची बायको चार दिवसांपूर्वी गेली होती आणि त्याला तुझा निरोप मिळाला होता. "फोटोवाल्या भाऊ, म्हातारीचा फोटो आहे म्हने तुह्यापाशी."

तू "हौ काका, बसा" म्हणालास, कीबोर्ड उलटा केलास, चिठ्ठी पाहून काहीतरी दाबलंस. पुन्हा दाबलंस. मग माझ्याकडे वळलास. "गज्या, थो कप्पा दिसून नाही राह्यला."

"कोणता कप्पा?"

"अबे, तूच केलता ना. नंतरचे."

तेव्हा मला सारं आठवलं, सिद्ध्या. एवढं खरं सांगतो. आणि मी काय केलं? चुकलो म्हणालो? नाही. ओरडलो. "मले आधी सांगाचं नाही का? मी काय देव आहे, लपलेलं दिसाले?" तू म्हणालास, "लपवलं कोनं?" मी म्हणालो, "आन् कूलरसमोर ठेवलं कोनं?" त्या म्हाताऱ्यासमोर आपण दोघं चाळिशी उलटलेले गडी पोरांसारखे भांडलो. मग तूच थांबलास आणि त्याला म्हणालास, "काका, फोटो होता. आता नाही राह्यला."

लेतूनं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. म्हणाला, "म्हंजे आता थे माह्याच डोक्शात आहे म्हना." आणि चपला घालून गेला.

तो गेल्यावर तू हळू आवाजात बोललास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. "गज्या, थे बाई आज दुसऱ्यांदा मेली. तुह्या हातानं."

माझी रीत तुला माहीत होती. जुना पार्ट मी कधी ठेवून घेत नाही, गिऱ्हाइकाच्या हातात देतो, कागदात गुंडाळून, म्हणजे कोणाला शंका नको. त्या दिवशीही डिस्क कागदात गुंडाळून तुझ्यापुढे धरली. तू हात मागे घेतलास. "ठेव तुह्यापाशीच. हार घालून टांग दुकानात." मी दुकानात आलो आणि ती भंगाराच्या खोक्यात आदळली.

चार महिने. तुझा स्टुडिओ आणि माझं दुकान यांच्यामध्ये एक चहाची टपरी, आणि आपण एकमेकांचा चहा चुकवत होतो. टपरीवाल्या काकांनी एकदा मला विचारलं, "तुमचं काहून बिनसलं?" मी म्हणालो, "त्यालेच विचारा." तुलाही विचारलं असेल त्यांनी. तूही हेच बोलला असशील.

आता जे सांगतो ते वहिनीलाही सांगितलेलं नाही. त्या चार महिन्यांत मी त्या डिस्कला हात लावला नाही. जमणार नाही म्हणून नव्हे. तू येऊन मागशील म्हणून. रोज खोक्याकडे पाहायचो आणि मनात म्हणायचो, येऊ दे, माह्या दारात येऊन माग म्हणा, मग करतो. असा माज होता मला, आणि त्याच्या जोडीला भीतीही. उघडून पाहिली आणि खरंच काही निघालं नाही तर? मग तुझं वाक्य कायमचं खरं ठरलं असतं. खोक्यात होती तोवर निदान माहीत तरी नव्हतं.

आणि तू आलास. पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी दाराकडे पाठ करून एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होतो. त्याच्या काळ्या पडद्यात मला तुझी सावली दिसली. पायरीवर उभा होतास. मी ओळखलं. मी वळलो नाही, सिद्ध्या. तोच स्क्रू फिरवत राहिलो, निघून हातात आला तरी फिरवत राहिलो. पुन्हा पडद्यात पाहिलं तेव्हा तू नव्हतास. डिस्क मागायला आला होतास का? भांडायला? का नुसता पोळ्याचं जेवायला बोलवायला, दरवर्षी आपण एकमेकांकडे जातो तसं? काय बोलणार होतास बे?

त्यानंतर दहा दिवसांनी, कोणाच्या तरी साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, कॅमेरा गळ्यात असतानाच तू खुर्चीवर बसलास आणि उठला नाहीस. मला म्हणायचास, "तू माह्या आधी जाशीन लेका, किती चिडतो! बीपीची गोळी घेतली का?" गोळी मी आजही घेतली.

वहिनीनं फोटो मागितला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि खोक्यातून ती डिस्क काढली. कागद तसाच होता. उलटी केली, तिच्या पाठीवरची हिरवी पट्टी स्क्रू काढून उचलली. खाली तांब्याचे बारके ठिपके असतात, पट्टी त्यांनाच टेकून डिस्कशी बोलते. ते सगळे काळे पडले होते. गंज. तुझ्या कूलरचा ओला वारा. सुरुवातीची टक्‌टक्, मग ओळख न देणं, सगळं त्यातूनच. इतकी वर्षं मी त्या कूलरवरून बोंबलत होतो आणि ज्या दिवशी कामाचं होतं त्या दिवशी मला ते सुचलं नाही, कारण त्या दिवशी मी बरोबर ठरण्यात गुंतलो होतो.

पेन्सिलच्या मागचं खोडरबर घेतलं आणि ठिपके घासले. पट्टी बसवली, केबल जोडली. डिस्क फिरली. दिसली.

पाच मिनिटं लागली, सिद्ध्या. खोडरबर आणि पाच मिनिटं! मे महिन्यात, लेतू दारात उभा असताना, मी तोंड बंद करून हे केलं असतं तर त्याच्या हातात फोटो असता आणि तू माझ्याशी बोलत असतास. मी तिथेच डोकं टेबलावर टेकलं आणि रडलो. बाहेरून एकानं शटर वाजवलं, "भाऊ, प्रिंट काढाची होती." मी म्हणालो, उद्या या.

डिस्क काही सुखाची चालत नव्हती. एवढे महिने पडून तिची आतली हालतही बिघडली होती. दहा-बारा मिनिटं चालायची आणि अडकायची. मग थांबवायचं, टेबलफॅन लावायचा, पुन्हा सुरू करायचं. कूलर नाही लावला, घाबरू नको. त्या लपवलेल्या कप्प्याला पुन्हा अक्षर दिलं आणि ‘नंतरचे’ उघडलं. सगळी गावं रांगेनं उभी. यातलं किती हाती लागेल याचा नेम नव्हता, आणि तू त्यात आहेस का हेही माहीत नव्हतं. तू असतास तर पोडांपासून सुरुवात केली असतीस. मी स्वार्थी माणूस, मी आधी ‘पांढरकवडा’ उघडलं, तुला शोधायला.

तिथे माझं नाव होतं. ‘गज्या’.

उघडलं तर मीच. चौकडीचा शर्ट, पुतणीच्या लग्नातला. मागे निळं. वर हाराला जागा सोडलेली. आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून काय निघालं असेल? "अरे मेल्या, जित्ता हावो ना मी अजून!" रिकाम्या दुकानात मोठ्यानं ओरडलो, आणि मग त्या बुढीची आठवण आली आणि हसायला लागलो, आणि ते हसणं काही धड शेवटाला गेलं नाही.

त्याच्याच शेजारी मूळ फोटो होता. आपण दोघं, मांडवाच्या खांबापाशी. वहिनीच्या हाती कॅमेरा देऊन तू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होतास, एवढंच आठवतं. तुझा डावा हात माझ्या खांद्यावर. तू सरळ कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आहेस, कॉलर एका बाजूनं वर, जशी नेहमी असायची. हाच तर फोटो हवा होता वहिनीला.

मग मी पुन्हा माझा एकट्याचा फोटो पाहिला. त्यात खांद्यावर हात नव्हता. तू तुझाच हात पुसला होतास, आणि तिथे माझ्या शर्टाची चौकडी रेघेला रेघ जुळवून भरली होतीस. कुठे जोड दिसत नाही. किती दुपारी बसला असशील? मी आधी जाणार असं धरून चालला होतास, आणि मला जायला मोकळं करून ठेवलं होतंस. मी त्याला थोतांड म्हणायचो.

ते दोन फोटो आधी उतरवून घेतले. मग पोडं. लेतूची बायको सापडली, तोंडभर हसणारी. मग बाकीची गावं, एकेक करून, फॅन लावून, थांबून. शनिवारी सकाळी डिस्क एकदा जोरात खरखरली आणि थांबली ती थांबलीच. खोडरबरालाही तिनं मानलं नाही. अर्धी गावं आली, अर्धी राहिली. राहिली त्यातली कितीतरी माणसं अजून जित्ती आहेत, त्यांच्या मांडवाच्या कोपऱ्यात आता कोण जाणार, मला माहीत नाही. मेमध्ये सगळी आली असती.

दुपारी फोटो घेऊन गाडीनं लेतूच्या पोडावर गेलो. तो अंगणात टोपली विणत बसला होता. फोटो दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाला, "हासून राह्यली. अशीच होती थे." मी म्हणालो, काका, तुमचा फोटो मीच अडवून ठेवला होता, भाऊची काही चूक नव्हती. त्यानं ऐकलं का नाही, समजलं नाही. विचारलं, "फोटोवाला भाऊ नाही आला?"

मी सांगितलं. त्यानं बांबू खाली ठेवले. म्हणाला, "मंग त्याचा फोटो कोनं काढला?"

"आहे काका. एक आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी तुझ्या स्टुडिओत, तुझ्याच खुर्चीवर बसलो. वहिनी मागे उभी होती. पडद्यावर तुला पाहून तिनं तोंडाला पदर लावला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मी तुला कापायला घेतलं. मशीन दुरुस्त करणं वेगळं आणि हे वेगळं. माझा चेहरा काढला, मागे निळं भरलं, वाकडंतिकडं का होईना. पण तुझा हात माझ्या खांद्यावर. खांदा पुसला की हात हवेत लोंबकळतो. हात पुसला की तू थोटा दिसतोस. दोनदा केलं, दोनदा मोडलं. तू असतास तर एका दुपारीत केलं असतंस.

तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा वहिनी म्हणाली, "राहू द्या, भाऊजी."

"वहिनी, त्याचा नियम होता. जित्त्या माणसाचं काही राहाले नको."

"नियम त्यांचा होता," वहिनी म्हणाली, "फोटो माह्या घरात लागणार आहे. त्यांचा हात कुठीतरी टेकलेला असू द्या."

आज रविवारी पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना झाली. मेणबत्त्या लावल्या. तुझा फोटो समोर, निळ्यावर, हसतो आहेस. हार जिथे संपतो तिथे खाली कोपऱ्यात चौकडीच्या शर्टाचा एक तुकडा दिसतो आणि त्यावर तुझी चार बोटं. तुझ्या आत्यानं पाहिलं, म्हणाली, "हे कोनाचं राह्यलं गा?" मी मान खाली घातली. वहिनी म्हणाली, "त्यांच्या दोस्ताचं."

माफ कर, सिद्ध्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वळायला पाहिजे होतं. तुझा नियम मोडला मी, समजून उमजून मोडला. तू माझ्या खांद्यावरचा हात काढून ठेवला होतास, मी तो परत ठेवला आहे. चालत नसन तं ये, आन् तूच पूस.